लिफ्ट न वापरणारी मुलगी

आमच्या इमारतीत लिफ्टला कधीही हात न लावणारं एकच माणूस आहे, आणि ते म्हणजे मी. नवव्या मजल्यावर राहते, रोज जिना उतरते, रोज जिना चढते. धाप लागत नाही, गुडघा कुरकुरत नाही, घाम येतो तोही शोभेपुरता. रविवारी खालच्या हॉलमध्ये सगळ्या इमारतीसमोर मी हे छातीठोकपणे सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी सकाळी मी लिफ्टमध्ये अडकले.

हसू नका. एकदाच गेले होते. एकदाच! हातात पोस्टरांची भलीमोठी गुंडाळी, काखेत वजनकाटा, खांद्याला सूर्यफुलाच्या बियांची पिशवी. पोस्टरवर ठळक अक्षरांत होतं, ‘लिफ्ट सोडा, जिना चढा, हृदय जपा!’ आणि ते प्रत्येक मजल्यावर लावायचं होतं. आता वजनकाटा घेऊन नऊ मजले चढायचे म्हणजे कंबरेचं काय? कंबर जपणं हासुद्धा आरोग्याचाच भाग आहे. तेव्हा मी निव्वळ वैद्यकीय कारणासाठी लिफ्टमध्ये पाय ठेवला. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टने एक उचकी दिली, दिवा लुकलुकला, आणि बस्स.

मी चौकातल्या आरोग्य केंद्रात आहारतज्ज्ञ आहे. इमारतीची आरोग्य समिती म्हणजेही मीच, कारण समितीत यायला दुसरं कुणी तयार नाही. खालच्या फळ्यावर रोज सकाळी मी आरोग्याची एक टिप लिहिते, म्हणून लहानथोर सगळे मला टिप्सताई म्हणतात. त्या दिवशीची टिप होती, ‘उठल्याबरोबर भरपूर पाणी प्या.’ आणि मी जे स्वतः करत नाही ते लोकांना सांगत नाही. त्यामुळे परिस्थिती फार गंभीर होती.

मी मदतीचं लाल बटण दाबलं.

“हॅलो, बोला.” पुरुषाचा आवाज. शांत. इतका शांत की डोकंच फिरलं माझं.

“मी अडकलेय!”

“कुठे, मॅडम?”

“कुठे म्हणजे? लिफ्टमध्ये! लिफ्टमधलं बटण दाबून कुणी झाडावरून बोलतं का?”

“इमारत कुठली?”

सांगितली.

“घाबरू नका. मी निघतोच. तोपर्यंत खोल श्वास घ्या. नाकाने आत, तोंडाने...”

“श्वास कसा घ्यायचा ते मी शिकवते लोकांना! तुम्ही आधी या!”

“बाहेर पाऊस भुरभुरतोय, रस्त्यात गाड्या तुंबल्यात. वेळ लागेल थोडा. आत काही त्रास होतोय का?”

मी छताकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं.

“मी... सकाळी बरंच पाणी प्यायलेय.”

मग तो म्हणाला, “गाडी सोडतो. पळत येतो.”

आणि खरंच पळत आला. वरच्या दाराची फट उघडली आणि चौथ्या मजल्याच्या जमिनीवर पालथा पडलेला एक चेहरा दिसला. उलटा. ओले केस, कपाळाला ग्रीसचा डाग, आणि डोळे — डोळे हसत होते. मला हसत होते! त्याच्या केसांतला एक थेंब निवांत घरंगळत आला आणि बरोब्बर माझ्या नाकावर पडला.

“हात द्या,” तो म्हणाला.

“आधी सांगा, बाहेर कोण कोण आहे?”

त्याने मागे वळून पाहिलं. “सगळेच आहेत वाटतं.”

“मग दार लावा.”

“काय?”

“दार लावा! त्यांना जाऊ दे, मग मी येते.”

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “ते पाणी...”

“...हात द्या.”

त्याने मला वर ओढलं. हात खरखरीत होता, गरम होता, आणि गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तसाच राहिला. पण हे सगळं नीट लक्षात घ्यायला मला सवड कुठे मिळाली? पोस्टरांची गुंडाळी काखेतून निसटली आणि सगळ्यांच्या पायापर्यंत उलगडत गेली. समोर मामा, ज्यांच्या घरी मी राहते, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. शेजारी मामी. आणि त्यांच्या पुढे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्या दुसऱ्यावरून पहिल्यावर जायलाही लिफ्ट बोलावतात. काकूंनी पर्समधून चष्मा काढला, तो लावला, आणि शब्द सुटा सुटा करत मोठ्याने वाचलं, “लिफ्ट... सोडा... जिना... चढा.”

पुढचे पाच मजले मी ज्या वेगाने चढले तो या इमारतीतला विक्रम असणार. त्यासाठी मात्र कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

थोड्या वेळाने बेल वाजली. दारात तो, हातात माझा वजनकाटा.

“हा राहिला होता. आणि थँक्यू म्हणायची पद्धत असते.”

“तुमची लिफ्ट बंद पडली आणि थँक्यू मी म्हणू?”

“लिफ्ट तुमची. मी फक्त तिचा डॉक्टर.”

“मग पेशंटची नियमित तपासणी करत जा!”

“करतो. पण पेशंटच्या पोटात कुणी वजनकाटा घेऊन उड्या मारायला लागलं तर...”

“उड्या मारत नव्हते मी! मला घाईची...” मी जीभ चावली.

त्याने मान खाली घातली. खांदे हलत होते त्याचे. मेला हसत होता.

“खाली सगळे तुम्हाला टिप्सताई म्हणतात,” तो म्हणाला.

“म्हणतात. मग?”

“मी नाही म्हणणार.”

“का? जिभेला काय झालं?”

“टिप्स म्हणेन. ताई नाही.”

आणि निघाला. लिफ्ट त्याने आत्ताच चालू केली होती, तरी जिन्याने. त्याच्या बुटांचा आवाज खाली खाली जात राहिला आणि मी दारात ऐकत उभी राहिले. मामीने आतून तीनदा हाक मारली तेव्हा कळलं, वजनकाटा मी तान्ह्या बाळासारखा छातीशी धरलाय.

या प्रकारानंतर इमारतीने माझा छळ मांडला. तसा तो आधीही होताच. सांगते ना! मी लिहिलं, ‘जेवल्यावर थोडं चाला.’ लोक जेवल्यावर चालत कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमच्या दुकानापर्यंत जायला लागले. मी लिहिलं, ‘मान वाकवू नका, फोन डोळ्यांसमोर धरा.’ चौथ्या मजल्यावरचे काका फोन डोळ्यांसमोर धरून सरळ काचेच्या दारावर गेले आणि नाकाला पट्टी लावून माझ्याकडे भरपाई मागायला आले. मी आठवड्यातून एक दिवस ‘जिना-दिवस’ सुरू केला, लिफ्ट बंद. तर या लोकांनी जिन्याच्या प्रत्येक वळणावर घरातल्या खुर्च्या आणून ठेवल्या! चढायचं, बसायचं, गप्पा मारायच्या, बिस्किटं खायची, पुढच्या वळणावर पुन्हा तेच. जिना-दिवसांनी आमच्या इमारतीचं वजन वाढलं. मी स्वतः मोजलंय. माझ्याच काट्यावर!

बिस्किटांऐवजी सूर्यफुलाच्या बिया खा म्हणून मी पुड्या वाटल्या. काकूंनी त्या कबुतरांना घातल्या. कबुतरांची तब्येत अप्रतिम आहे.

अशीच एकदा काचेवाल्या काकांना तळमजल्यावर पुडी द्यायला गेले. ते “नको, नको” म्हणत लिफ्टमध्ये मागे सरकले, मी “घ्या हो” म्हणत पुढे सरकले, आणि पुडी फाटून सगळ्या बिया लिफ्टच्या दाराखालच्या खाचेत. दार मिटायला गेलं, उघडलं, पुन्हा मिटायला गेलं, पुन्हा उघडलं. दाढ दुखणाऱ्या माणसाचा जबडा हलतो तसं. लिफ्ट ठप्प.

तो आला. गुडघ्यांवर बसला, बारीक ब्रश काढला, वाकडी तार काढली, आणि एक एक बी काढून तळहातावर ठेवायला लागला. मी फळ्यावरची टिप पुन्हा पुन्हा गिरवत होते. अक्षरं जाडजूड झाली तरी गिरवत होते.

“चांगली वस्तू दिसतेय,” तो म्हणाला, आणि त्यातली एक बी चक्क तोंडात टाकली.

“शी! खाचेतली आहे ती!”

“मीठ नाही लावलं हिला.”

“मीठ नसतंच लावायचं. मिठाने रक्तदाब वाढतो.”

“तसा माझा आत्ताही वाढलाय,” तो माझ्याकडे बघत म्हणाला.

“मग... केंद्रात येऊन मापून घ्या.”

“काय उपयोग? पट्टा तुम्हीच बांधणार. मशीन भलताच आकडा दाखवेल.”

मला इतका राग आला, इतका राग आला की कान गरम झाले. ब्रशचा कचरा खिशात टाकून तो गेला, आणि मी दिवसभर केंद्रात मधुमेहाच्या पेशंटला वजन वाढवायचा आहार आणि वजन वाढवायच्या पेशंटला मधुमेहाचा आहार समजावत बसले. याला जबाबदार कोण? तोच!

पुढच्या आठवड्यात लिफ्ट पुन्हा बंद पडली. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. आता बिया आपल्या आपण चालत खाचेत जात नाहीत, हे मलाही कळतं. पण जरा सगळ्या बाजूंनी विचार करा. लिफ्ट बंद पडली की लोक जिना चढणार. जिना चढले की हृदय सुधारणार. हे सार्वजनिक आरोग्याचं काम होतं. आता लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीला कुणीतरी येणारच, आणि येणाऱ्याचे केस ओले असणार, आणि तो गुडघ्यांवर बसून मान वर करून “काय, टिप्स?” म्हणणार... त्याला मी काय करू?

लिफ्टचं मशीन गच्चीवर. लिफ्ट बंद, म्हणजे त्याला जिन्याने जावं लागायचं. माझं घर नवव्यावर, म्हणजे मलाही जावंच लागायचं. जिन्याच्या खिडकीच्या काचेवरून पावसाचे ओघळ उतरत असायचे, आणि आम्ही शेजारी शेजारी चढत असायचो. अवजारांची जड पिशवी तो नेहमी भिंतीकडच्या हातात धरायचा. माझ्या बाजूचा हात मोकळा. त्या मोकळ्या हाताचं तो काहीच करायचा नाही. मीही काही करायचे नाही. पण तो मोकळा आहे हे दोघांनाही फार माहीत असायचं.

एकदा पाचव्यावर तो थांबला. “जरा बसूया?”

“दमलात?”

“हो.”

“तेच सांगते मी लोकांना. नियमित जिना चढत जा. सवय नसली की असं होतं.”

“मी रोज चढतो.”

“मग दमलात कसे?”

“मी नाही दमलो,” तो म्हणाला. “तुमचा चेहरा टोमॅटोसारखा झालाय, म्हणून मी दमलो.”

मी लगेच वळले आणि ताडताड उरलेले मजले चढून गेले. घरी जाऊन सोफ्यावर आडवी झाले. मामीने विचारलं, “काय गं, कुणी पाठीमागे लागलं होतं का?” मी म्हटलं, “नाही.” आणि का कुणास ठाऊक, त्याचंच मला वाईट वाटलं.

मग एके सकाळी नाश्त्याला मामांनी बशी आपटली.

“पुरे झालं! आज सभा घेतो. हा मेकॅनिक अगदीच कुचकामी आहे. येतो, दुरुस्त करतो, जातो, आठवड्यात लिफ्ट पुन्हा आडवी! कंपनीकडे लेखी तक्रार करणार. दुसरा माणूस पाठवा म्हणावं.”

मी घास परत बशीत ठेवला. “दुसरा?”

“दुसरा. अनुभवी. पन्नाशीचा, जबाबदार.”

“पन्नाशीचा कशाला?”

मामी कपाच्या कडेवरून माझ्याकडे बघायला लागली. मी पटकन पाणी प्यायले.

“आणि मग... याचं काय होईल?”

“काय व्हायचंय? अशी तक्रार गेली की कंपनी माणसाला लिफ्टवरून काढते आणि ऑफिसात बसवते. फोन उचलायला. तेवढीच लायकी.”

फोन उचलायला! ज्या माणसाने सूर्यफुलाची बी हातात धरून ती निरखून बघितली, तो फोन उचलणार! आणि इथे येणार पन्नाशीचा, जबाबदार! मला मामांचा राग आला, कंपनीचा राग आला, लिफ्टचा राग आला. इतकं नाजूक दार कुणी बनवायला सांगितलं होतं? चार बियांनी बंद पडतं!

संध्याकाळी हॉल भरला. माझ्या आरोग्याच्या भाषणाला जेवढे येतात त्याच्या दुप्पट, हेही लक्षात ठेवा. तो पुढे उभा होता, हातात टोपी, बूट स्वच्छ पुसलेले. माझ्याकडे त्याने एकदाच बघितलं आणि नजर भिंतीवर लावली.

“सांगा,” मामा म्हणाले, “आमची लिफ्ट सारखी का बंद पडते?”

“दाराच्या खाचेत कचरा जातो, साहेब.”

“कसला कचरा?”

“साधाच.”

“कुणाचा?”

“कचऱ्यावर नाव नसतं.”

“म्हणजे माहीत नाही तर! काम येत नाही, वर उत्तरं देतो!”

मी खुर्चीत घट्ट बसून होते. मी शपथेवर सांगते, मी गप्पच बसणार होते. म्हणजे बसणार नव्हते. सभा संपल्यावर मामांना एकट्याला गाठून, समजावून, रडून काहीतरी करणारच होते. पण या लोकांनी मला शांत राहू दिलं तर ना?

“सडका कचरा असणार,” काचेवाले काका म्हणाले. “मला वास यायचा. नाकाला पट्टी होती तरी यायचा.”

“मी पाहिलाय ना,” काकू म्हणाल्या. “काळा काळा, लांबट. मला विचाराल तर उंदराच्या लेंड्या.”

“लेंड्या?” मी उभी राहिले.

“हो गं, टिप्सताई, चक्क लेंड्या...”

“लेंड्या?!” मी खुर्चीवर चढले. “कचरा? सडका? अहो, सूर्यफुलाच्या बिया होत्या त्या! हाताने निवडलेल्या! मंद आचेवर भाजलेल्या, मिठाचा कण नाही! केसांना चांगल्या, कातडीला चांगल्या, हृदयाला चांगल्या! दोन वर्षं मी घसा फोडून सांगतेय आणि तुम्हाला बी आणि लेंडी यातला फरक कळत नाही?”

त्याने डोळे मिटून घेतले होते.

“तुला कसं माहीत?” मामांनी सावकाश विचारलं.

“कारण... कारण त्या मी टाकल्या.”

मग जो गदारोळ उडाला! “बघा, बघा! आम्हाला जिना चढायला लावायला!” “लिफ्टवर डूख धरलाय हिने!” “माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, माणुसकी आहे की नाही?” “स्वतःच्या मोहिमेसाठी लोकांचा जीव घेईल ही!”

हे मात्र मी ऐकून घेणार नव्हते. बदनामीला काही मर्यादा असते.

“मोहिमेसाठी?” मी किंचाळले. “मी मोहिमेसाठी असलं काही करेन? मला समजता काय तुम्ही? मी ह्याच्यासाठी टाकल्या!”

माझं बोट त्याच्याकडे होतं. ते मला नंतर दिसलं. खाली घ्यावं म्हटलं तर हात हलेना. तो टोपी गोल गोल फिरवत होता, आणि कपाळावरच्या ग्रीसच्या डागापासून मानेपर्यंत लाल झाला होता. टोमॅटोसारखा.

सगळ्यात आधी मामी बोलली. “अगं बाई, मग घरी चहाला बोलवायचं. लिफ्ट कशाला मोडायची?”

मामा मटकन खाली बसले. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, आणि आमच्या इमारतीत हे पहिल्यांदाच घडत होतं. अखेर त्यांनी सेक्रेटरी म्हणून निकाल दिला. मेकॅनिकविरुद्धची तक्रार रद्द. आरोग्य समिती बरखास्त. फळा जप्त. आणि दाराची खाच यापुढे रोज सकाळी मी स्वतः ब्रशने झाडायची. म्हणजे बघा, ज्या समितीत फक्त मी होते ती बरखास्त करायला हात वर करून मतदान घेतलं! आणि सगळ्यांनी केलं. मामीनेसुद्धा. त्यानेही हात वर केला होता, पण तो डोकं खाजवायला होता असं तो म्हणतो.

बाहेर पडताना काकूंनी मला कोपऱ्यात ओढलं. “काय गं, केसांना खरंच चांगल्या असतात का त्या?”

दुसऱ्या दिवसापासून अख्खी इमारत बिया खायला लागली. दोन वर्षं फळ्यावर लिहून जे झालं नाही ते एका लफड्याने झालं. आरोग्यशिक्षणात हे का शिकवत नाहीत, माझा प्रश्न आहे! जिन्यात टरफलं, हॉलमध्ये टरफलं, लिफ्टमध्ये टरफलं. आठवड्याच्या आत दार पुन्हा अडकलं. मी एका हातात ब्रश घेऊन सगळ्यांना ओरडून सांगितलं, या वेळी मी नव्हे. कुणाचाही विश्वास बसला नाही.

तो आला. गुडघ्यांवर बसला. मी ब्रश पुढे केला, त्याने घेतला. बराच वेळ दोघंही टरफलं काढत होतो. बाहेर पावसाची बारीक सर आली, गेली.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“काय?”

“की मीच... मुद्दाम...”

“इमारतीत दुसरं कोण खात होतं?”

“मग बोलला का नाहीत? नोकरीवर पाणी पडत होतं तुमच्या! तोंड शिवलं होतं का?”

“बोललो असतो तर तुम्ही टाकायच्या थांबला असतात.”

मी काहीतरी कडक बोलणार होते. तोंड उघडलंही. पण त्याने तळहात पुढे केला; त्यावर एक अख्खी बी होती, टरफलासकट, आणि ती त्याने अशी धरली होती जसा एखादा मोलाचा दागिना असावा. मी ती घेतली. घेतल्यावरही बोटं तिथेच राहिली.

“मला राग आलाय,” मी म्हटलं.

“दिसतोय.”

“फार राग आलाय. माझा फळा गेला, समिती गेली, अब्रू गेली.”

“आणि मिळालं काय?”

“...पट्टा बांधून बघायला हवा,” मी म्हटलं. “तुमचा नाही. माझा.”

तो हसला. मग एकदम गंभीर झाला आणि खाचेकडे बघत म्हणाला, “मी काय म्हणत होतो... आता बियांची गरज नाही. रविवारी घरी येशील? आईला सांगितलंय मी.”

येशील! विचारलं नाही, सवरलं नाही, सरळ तुम्हीवरून तूवर! मी रागावणार होते. त्याऐवजी मी म्हटलं, “काय सांगितलंयस?”

“की एक मुलगी आहे. सगळं बरोबर सांगते आणि सगळं उलटं होतं.”

“उद्धट!”

“आई म्हणाली, घेऊन ये.”

“येईन. राहतोस कितव्या मजल्यावर?”

“सातव्या.”

“लिफ्ट आहे ना?” माझ्या तोंडून गेलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं.

“नाही. जुनी इमारत आहे. पण तुला काय, तू तर लिफ्ट वापरतच नाहीस.”

“अर्थात,” मी म्हटलं.

रविवारी मी नवे सँडल घातले, कारण पहिल्या भेटीला माणूस जुने घालून जात नाही. टाचा उंच होत्या. तो खाली दारात उभा होता, इस्त्रीचा शर्ट, कपाळ घासून लख्ख. मी त्याचा मोकळा हात धरला. या वेळी दोघांनीही ते उघड उघड केलं. तीन मजले आम्ही छान चढलो. तो त्याच्या आईच्या गमती सांगत होता आणि मी हसत होते, श्वास पुरेल तेवढं.

चौथ्या मजल्यावर माझा पाय मुरगळला. त्याने मला पाठीवर घेतलं. ओझं उचलताना कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे, हे मी त्याच्या कानात दोनदा सांगितलं. त्याने ऐकलं नाही. सहाव्या मजल्यावर त्याची कंबर धरली. आवाज ऐकून त्याची आई खाली आली, तेव्हा आम्ही दोघंही पायऱ्यांवर आडवे होतो.